आधी नाव, मग दूध

शालनताई,

तुमच्या शोकसभेत माझ्या मामांनी भाषण केलं.

इंदापूरच्या त्या हॉलमध्ये तुमचा फोटो टेबलावर ठेवलेला, खुर्च्या भरलेल्या, काही माणसं भिंतीला टेकून उभी. ज्यांच्याविरुद्ध तुम्ही सहा वर्षं कोर्टात उभ्या राहिलात ते माझे सख्खे मामा माईक हातात घेऊन सांगत होते, "शालनताई कुना एका समाजाच्या न्हवत्या. समद्यांच्या व्हत्या. आमचं त्यांचं भांडान व्हतं, पर ते घरातल्यावानी व्हतं. आता त्या गेल्या. गावानं बी जुनं समदं इसरावं आन् एक व्हावं, हीच त्यास्नी खरी श्रद्धांजली."

माना हलल्या. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तू भाचा आहेस, शालनताईंचा वकिलीतला ज्युनियरही होतास, फिर्यादी साळूबाईला तूच समजावून सांग. तिनं संमती दिली आणि कोर्टानं परवानगी दिली की अपिलातसुद्धा प्रकरण मिटतं, हे त्या हॉलमधल्या सगळ्या वकिलांना माहीत होतं.

मी उठलो नाही. मागून साळूबाई उठल्या. सूत्रसंचालकानं माईक पुढे केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला. पदर सावरला आणि एवढंच म्हणाल्या, "बाई गेल्या. केस न्हाय गेली." आणि खाली बसल्या.

कुणीतरी घाईनं दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची सूचना केली. त्या दोन मिनिटांत मला तुमची इतकी आठवण आली की लाज वाटली. बोलायला मी हवा होतो आणि बोलल्या साळूबाई. म्हणून हे लिहितोय. तुमचा जन्म, शिक्षण, सनद, पुरस्कार हे सगळं पेपरात येऊन गेलंय. ते मी लिहिणार नाही.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही मान वर न करता विचारलं होतंत, "माझ्याकडे का? तुझ्या आडनावाच्या वकिलांची तीन ऑफिसं आहेत ह्या रस्त्यावर."

मी म्हणालो, "तुमची उलटतपासणी बघितली."

"आवडली?"

"हो."

"मग शिकायला ये. उपकार करायला आला असशील तर आत्ताच जा."

मी अंथुर्ण्याच्या बागायतदार घरातला मुलगा. मला वाटत होतं, मी तुमच्याकडे येतोय हीच मोठी गोष्ट आहे. तो माज तुम्ही आठवड्याभरात उतरवलात, तोही आवाज न चढवता. माझ्या पहिल्याच मसुद्यात 'बिचाऱ्या फिर्यादीस' असं तीन ठिकाणी आलं होतं. तुम्ही तिन्ही ठिकाणी लाल शाईनं रेघ मारलीत. "फिर्यादी बिचारी नसते. फिर्यादी फिर्यादी असते. तिला काय सोसावं लागलं ते लिही, तुला तिच्याबद्दल काय वाटतं ते नको."

ताई, आज मला काय वाटतं ते लिहायची परवानगी द्या. एवढ्यापुरतीच.

साळूबाईंचं गाव इंदापूर तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण तुम्हीही कोर्टाबाहेर कधी घेत नव्हता. "गावाला काय नाव ठेवायचं? हे तर कुठल्याही गावात होतं," म्हणायचात. माझं आजोळ ते. गावाच्या पूर्वेला साळूबाईंची वस्ती. ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्या वस्तीला जातीचं जुनं नाव होतं. तुम्ही अर्जामागून अर्ज करून ते बदलून घेतलंत. वस्तीनं समतानगर असा फलक लावला. चौथ्या दिवशी तो फलक ओढ्यात सापडला. साळूबाई पोलिसांत गेल्या, चार नावं दिली आणि परत आल्या.

त्यानंतर गावानं काहीच केलं नाही. तीच तर गंमत होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर धावलं नाही. फक्त गिरणीचा पट्टा तुटला, तो वस्तीतलं कुणी दळण घेऊन आलं की रोज नव्यानं तुटायचा. दुकानातली साखर संपायची. नांगरटीचा ट्रॅक्टर दुरुस्तीला जायचा. आणि दूध संकलन केंद्रावर वस्तीतल्या दूध घालणाऱ्या तीनही घरांचं दूध नासकं निघायला लागलं. त्या केंद्राचे चेअरमन माझे मामा.

साळूबाई तुमच्या ऑफिसात आल्या तेव्हा मी टेबलाच्या ह्या बाजूला बसलो होतो. त्यांना माहीत नव्हतं मी कुणाचा भाचा ते. त्या म्हणाल्या, "बाई, कुनी न्हाय म्हनत न्हाय. न्हाय म्हनलं असतं तर बरं झालं असतं. मंग आमी भांडलो असतो."

तुम्ही बराच वेळ पेन फिरवत राहिलात. "बहिष्कार तोंडानं बोलून दाखवणारा मूर्ख असतो," तुम्ही नंतर मला म्हणालात. "हे हुशार आहेत. न बोललेला नकार कोर्टात कसा दाखवायचा, सांग."

उत्तर तुम्हीच शोधलंत. तुम्ही माहितीच्या अधिकारात गिरणीच्या वीजमीटरचा हिशोब मागवलात. पट्टा रोज तुटत असतानाही मीटर रोज फिरत होतं. कागद हातात आला तेव्हा तुम्ही तो माझ्यापुढे सरकवलात आणि लहान मुलीसारख्या हसलात. "बघ. मीटरला जात नसते."

पण दुधाचं तसं नव्हतं. दूध परत आलं, सांडलं, की पुरावा संपला. एका सकाळी तुम्ही मला विचारलंत, "तुला धार काढता येते?"

"येते."

"साळूबाईची एक गाय आहे. त्या गाईचं दूध दोन किटल्यांत भरायचं. एक किटली साळूबाईंनी न्यायची, दुसरी तू. आजोळ आहे तुझं, तुला कुणी अडवणार नाही."

तेव्हा मी तुम्हाला सांगितलं की चेअरमन माझे मामा आहेत. तुम्ही म्हणालात, "माहीत आहे मला. पहिल्या दिवसापासून. म्हणून तर तुझ्यावर सोडते आहे. नाही म्हणालास तरी इथलं काम सुटणार नाही." मग एक बोट वर करून म्हणालात, "आणि एक लक्षात ठेव. कुणी विचारलं, दूध कुणाचं, तर खरं सांगायचं. साळूबाईंच्या गाईचं. खरं सांगून त्यांनी परत केलं, तर तोही पुरावाच आहे."

मी हो म्हणालो. ताई, ह्या एका 'हो'पाशी मी किती वेळा परत येतो.

त्या सकाळी निवृत्त गुरुजी आणि जनावरांच्या दवाखान्यातले एक जुने कर्मचारी, दोघेही परगावचे, साळूबाईंच्या गोठ्यात उभे होते. त्यांच्यादेखत एका गाईचं दूध दोन किटल्यांत भरलं. साळूबाई पुढे गेल्या. मी जरा मागं राहून रांगेत त्यांच्यानंतर तिसरा उभा राहिलो. केंद्रावर मामा स्वतः बसले होते. साळूबाईंनी किटली पुढे केली. मामांनी झाकणसुद्धा नीट उघडलं नाही. "नासलंय. परत ने." बाई वळल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाहायचं नाही असं ठरलं होतं.

माझा नंबर आला. मामांचा चेहरा उजळला. "आरं, वकीलसाहेब. तू हितं कवा आलास? कुनाचं दूध?"

आणि मी म्हणालो, "आपलंच हाय मामा. मळ्यातलं."

मी ते भीतीनं म्हणालो का? भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून वाईट काहीतरी होतं. 'आपलंच' म्हणताना मला बरं वाटलं. रांगेतली माणसं हसली, कुणीतरी पाठीवर थाप मारली, मामांनी दूध मशिनीला लावलं, फॅट चांगली लागली, छापील चिठ्ठी माझ्या हातात आली. ती आपलेपणाची ऊब मला घरात रोज मिळत होती, पण ती ऊब आहे हे मला तोवर कळलं नव्हतं. साळूबाईंना त्याच दुधावर ती मिळाली नव्हती.

ऑफिसात आल्यावर तुम्ही विचारलंत, "कुणी विचारलं का, कुणाचं म्हणून?"

मी म्हणालो, "नाही."

पोलिसांत जबाब दिला, त्यातही ते आलं नाही. जातीच्या अत्याचाराचं कलम तपासात गळालं. त्याविरुद्धची तुमची याचिका मुंबईला हायकोर्टात अजून पडून आहे. पण बहिष्काराचा खटला इंदापूरच्या कोर्टात उभा राहिला. मामा आणि गिरणीवाला आरोपी, आणि मी साक्षीदार. साक्षीदाराला त्याच खटल्यात वकील म्हणून उभं राहता येत नाही, म्हणून मी तुमच्यासोबतचं माझं वकीलपत्र मागे घेतलं. त्या कागदावर सही करताना तुम्ही म्हणालात, "आता तू माझा ज्युनियर नाहीस. आता तू फक्त खरं बोलायचं."

मला तेव्हाच सांगता आलं असतं.

साक्षीच्या आधी मामा अंथुर्ण्याला आमच्या घरी आले. आईनं चहा ठेवला. त्यांनी आईकडे बघतच बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे नाही. ग्रामसभेत जाहीर माफी मागायला ते तयार होते. गैरसमजातून घडलं असं म्हणायचं, सगळ्यांनी हात जोडायचे, साळूबाईला साडीचोळी द्यायची आणि प्रकरण संपवायचं. मामा गेल्यावर आई मला म्हणाली, "माझा एकच भाऊ हाय रं."

दुसऱ्या दिवशी मी तुमच्यापुढे जोर लावून मामांची बाजू मांडली. माफीनं गाव जोडलं जाईल, शिक्षेनं तुटेल, म्हणालो. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि पहिल्यांदाच तुमचा आवाज चढला. "गाव जोडलेलं कधी होतं? तुझ्यासाठी होतं."

मी म्हणालो, "तुम्हाला माझ्या घराचं काय?"

तुम्ही पुढ्यातली फाईल मिटलीत. मग छत्री उचललीत. "चल. हे तू ठरवणार नाहीस, मीही नाही. ती काय म्हणते बघू."

साळूबाई शेणी लावत होत्या. तुम्ही त्यांना मामांचा निरोप जसाच्या तसा सांगितलात, एक शब्द इकडचा तिकडे केला नाहीत, तिखटमीठही लावलं नाहीत. साळूबाईंनी हात धुतले आणि विचारलं, "काय म्हनून माफी मागनार?"

"गैरसमज झाला म्हणून."

"गैरसमज?" त्या माझ्याकडे वळल्या. मी कुणाचा भाचा ते तोवर त्यांना कळलेलं होतं. "त्यांचा काय बी गैरसमज न्हाय झाला, दादा. त्यांनी समजून केलं, आन् आमास्नी बी नीट समजलं. त्यांनी काय केलं ते कोर्टात कबूल कराया सांगा त्यास्नी. मंग म्या सोता येऊन हात जोडीन."

मला तुमचा राग आला होता. चार महिने मी ऑफिसला आलो नाही. तुम्ही एकदाही फोन केला नाहीत, समन्स मात्र वेळेवर आलं.

आता तो दिवस. मी पिंजऱ्यात उभा राहिलो. सरतपासणी नीट झाली. गाय एक, किटल्या दोन, एक परत, एक मंजूर. तुम्ही सरकारी वकिलांच्या मागच्या बाकावर बसला होता. मग मामांचे वकील उठले. ते चष्मा पुसत, अगदी प्रेमानं विचारत होते.

"तुमच्या मामांनी तुम्हाला त्या वेळी विचारलं होतं का, की दूध कुणाचं?"

मामांनीच त्यांना सांगितलं असणार. मी 'नाही' म्हणालो असतो तर ते कुणाला खोडता आलं नसतं, रांगेतली माणसं साक्षीला येणार नव्हती. आणि मी 'नाही' तर एकदा म्हणूनच बसलो होतो, तुमच्यासमोर. मी मागच्या बाकाकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे नाही, वहीकडे बघत होता.

"हो," मी म्हणालो. "विचारलं होतं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"आपलंच आहे, असं सांगितलं."

"ते खरं होतं?"

"नाही. मी खोटं बोललो."

"म्हणजे तुम्ही स्वतःच्या मामांना फसवलंत. पोलिसांपासून लपवलंत. आणि आज कोर्टाला सांगताय की तुमच्यावर विश्वास ठेवावा."

ते बसले. मामांकडे बघून कुणीतरी हसलं. मला वाटलं, संपलं. साळूबाईंची केस माझ्या एका शब्दावर बुडाली. तेव्हा तुम्ही वहीतलं पान फाडलंत, त्यावर काहीतरी लिहून सरकारी वकिलांपुढे सरकवलंत. त्यांनी वाचलं, तुमच्याकडे पाहिलं, आणि फेरतपासणीसाठी उभे राहिले.

"साळूबाईंचं दूध मशिनीला लावलं होतं का?"

"नाही."

"तुमचं कधी लावलं? दूध कुणाचं हे विचारण्याआधी की नंतर?"

"नंतर. आपलंच आहे म्हणाल्यावर."

"म्हणजे आधी काय तपासलं?"

"नाव."

मामांचे वकील हरकत घ्यायला उठले, पण उत्तर लिहून झालं होतं.

बाहेर व्हरांड्यात मी तुमच्यासमोर उभा राहिलो. मला माफी मागायची होती. तुम्ही फाईल बांधत होता. गाठ मारून झाल्यावर म्हणालात, "तुझं खोटं त्यांनी बाहेर काढलं, आणि त्यात त्यांचं खरं बाहेर आलं. पण संशय मला होताच. आधी सांगितलं असतंस तर मी दोन रात्री झोपले असते." मग पुढे चालायला लागलात आणि वळून विचारलंत, "उद्या येतोयस ना ऑफिसला?"

मी आलो. माफी मागितली नाही. तुम्ही माफ केलं असंही कधी म्हणाला नाहीत. तो विषय आपल्यात तसाच राहिला, शेवटपर्यंत.

मामा आणि गिरणीवाला, दोघांनाही शिक्षा झाली. निकालात न्यायाधीशांनी मीटरचा कागदही घेतला आणि दुधाची साक्षही. अपील झालं, शिक्षेला स्थगिती मिळाली, मामा चेअरमनच राहिले. पण त्यानंतर वस्तीतलं दूध एकदाही परत आलं नाही. लोक तुमचं अभिनंदन करायला यायचे तेव्हा तुम्ही त्यांना बसवून दुसराच कागद दाखवायचात. दूध नाकारलं तर केंद्रानं छापील चिठ्ठीवर कारण लिहून, सही करून द्यायचं, दूध कुणाचंही असो, असा नियम तुम्हाला हवा होता. "शिक्षा दोघांना झाली. नियम सगळ्यांना लागतो," म्हणायचात. तो कागद किती टेबलांवरून फिरून परत आला, तुम्ही तितक्याच वेळा नव्यानं टाइप करायला लावलात. शेवटी आपल्या भागातल्या काही केंद्रांनी तो मानला. आणि तुम्हाला आठवतं का, त्या चिठ्ठीचा पहिला उपयोग कुणी केला? वरकुट्याच्या एका पाटलानं. भावकीच्या भांडणात त्याचं दूध नाकारलं होतं. तो चिठ्ठी घेऊन ऑफिसात आला तेव्हा तुम्ही त्याला खुर्ची दिलीत, पाणी दिलंत, तक्रार लिहून दिलीत. तो गेल्यावर इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं.

मग डायलिसिस सुरू झालं. बारामतीला आठवड्यातून तीनदा. एका हाताला सुया, दुसऱ्या हातात फाईल. नर्स ओरडायची, तुम्ही तिलाच कलमं समजावून सांगायचात. आपलं शेवटचं भांडणही तिथंच झालं. मी म्हणालो होतो, "चिठ्ठीनं माणसं बदलत नाहीत, ताई. मामा आजही घरात तेच बोलतात."

तुम्ही म्हणालात, "मला मामांचं मन नको आहे. मन त्यांनी ठेवावं. मला त्यांचा हात हवा आहे, झाकण उघडणारा. तो सगळ्यांच्या किटलीला सारखा लागला पाहिजे."

"आणि मनाचं काय?"

"ते तुझं काम. तू त्या घरातला आहेस."

मी म्हणालो, हे अन्यायाचं आहे, सगळ्यात अवघड काम तुम्ही माझ्यावर टाकताय. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "मग? आम्ही इतकी वर्षं सोपं काम करत होतो होय?" तेवढ्यात मशीन वाजायला लागलं, नर्स आली, आणि ते बोलणं तिथंच राहिलं. तुमचं पटलं असं मी अजून म्हणत नाही. पण उत्तरही सापडलेलं नाही.

दर भेटीत तुम्ही विचारायचात, "आई कशी आहे?" आणि मी म्हणायचो, "बरी." ते खरं नव्हतं. निकालानंतर आई माहेरी गेली नाही. भाऊबीजेला ती ताट करायची, आणि दुपारपर्यंत वाट बघून ते फळीवर ठेवून द्यायची. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही वाईट वाटून घेतलं असतंत म्हणून नाही. तुम्हाला सांगितलं तर ते तुमच्यामुळं झालं असा अर्थ निघेल आणि तो मला नको होता. ते तुमच्यामुळं झालं नाही, ताई. ज्यांनी झाकण उघडलं नाही त्यांच्यामुळं झालं. हे मला नीट बोलता यायला तुम्हाला जावं लागलं.

शोकसभेहून घरी येऊन मी आईला मामांचं भाषण सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्याला इसरा म्हनायला काय जातंय. माझ्या हळदीला साळूची सासू आली व्हती. दिसभर राबली. जेवाया तिला गोठ्यामागं बसवलं. म्या नवरी व्हते, बघत व्हते, बोलले न्हाय. ते म्या इसरले न्हाय." मग थोड्या वेळानं, "तुमची बाई एकदा हितं आली व्हती, तवा मला म्हनली, 'आई, मी तुमच्या भावाच्या वाईटावर न्हाय.' म्या काय बोलले न्हाय तिच्यासंगं. बोलाया पायजे व्हतं."

ते तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत. म्हणजे तुम्हीही माझ्यापासून काही लपवलं होतंत. मला बरं वाटलं.

तुमच्या जलदानविधीला आई आली. साळूबाईंच्या शेजारी बसली. परतताना आईनं त्यांना फक्त विचारलं, "गाय हाय का अजून?" साळूबाई म्हणाल्या, "तिची कालवड हाय."

आणि आता तुम्हाला सगळ्यात जास्त उत्सुकता ज्याची असेल ते. अपिलाची तारीख तुम्ही गेल्यानंतर नवव्या दिवशी होती, बारामतीच्या सत्र न्यायालयात. मला उभं राहता येत नव्हतं, मी साक्षीदार. तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मुलाणी वकील ऑफिसात आले होते. वीस वर्षं तुमच्याशी चहावर भांडणारे, जन्मभर दिवाणीच्या बाहेर न गेलेले, तुमच्या केसेसना 'आयुष्य खाणाऱ्या' म्हणणारे मुलाणी. तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत नाही असं दाखवत ते म्हणाले, "फाईल दे. ती म्हणायची, मुलाणी, तुला फौजदारी येत नाही. बघू येते का." पुढचे दिवस आम्ही दोघांनी तुमच्या टिपणांवर काढले. तुमचं अक्षर लावता लावता ते दोनदा चष्मा काढून खिडकीपाशी गेले.

त्या सकाळी कोर्टात साळूबाई पहिल्या बाकावर होत्या. मामा पलीकडे. पुकारा झाला. मामांचे वकील उठले, तेच, प्रेमानं बोलणारे. आवाज भरून आला होता. "फिर्यादीच्या वतीनं सहाय्य करणाऱ्या आमच्या विद्वान भगिनी नुकत्याच वारल्या. त्यांच्या स्मृतीला मान म्हणून आज कामकाज न करता पुढची तारीख द्यावी, आणि तेवढ्या अवधीत उभय पक्षांना समेटाचा विचार करता यावा, अशी विनंती आहे."

सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. न्यायाधीशांनी मान हलवली. कोण नाही म्हणणार होतं? तुमच्याच नावानं मागितलेली तारीख. लेखनिकानं पुढचा दिवस शोधायला कॅलेंडर ओढलंसुद्धा.

तेव्हा मुलाणी उभे राहिले. तुमची टिपणं त्यांच्या हातात होती. ते म्हणाले, "साहेब, शालनताईंच्या बद्दल मला जितका आदर आहे तितका ह्या खोलीत फार थोड्यांना असेल. म्हणून माझी हरकत आहे. त्या आजारपणातसुद्धा ह्या प्रकरणात तारीख मागायला आल्या नाहीत. त्या गेल्या म्हणून त्यांच्या नावावर तारीख देऊ नये. आम्ही तयार आहोत. समेटाचं विचाराल तर फिर्यादी इथं बसल्या आहेत, त्यांना विचारा."

न्यायाधीशांनी साळूबाईंकडे पाहिलं. त्या उठून उभ्या राहिल्या. "न्हाय साहेब," त्या म्हणाल्या. एवढंच.

युक्तिवाद जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालला आणि नंतरही चालला. मुलाणी दोनदा अडखळले. एकदा तुमचं टिपण वाचताना त्यांच्या तोंडून 'मी म्हणतो'च्या जागी 'ताई म्हणतात' असं निघून गेलं. न्यायाधीशांनी ते दुरुस्त केलं नाही. मीटरचा कागद वाचला गेला, माझी साक्ष वाचली गेली, माझं खोटं आणि त्यातलं खरं. मामा पूर्ण वेळ खाली बघत होते.

निकाल राखून ठेवलाय. काय लागेल ते मला माहीत नाही, आणि विरुद्ध लागला तर मुंबई आहे, ते टिपणही तुम्ही करून ठेवलंयत. पण त्या दिवसाचा रोजनामा, कोर्टाच्या कामकाजाची ती नोंद, मी स्वतः डोळ्यांनी वाचून आलोय. त्यात तुमच्या मरणाच्या नावानं तारीख पडलेली नाही, ताई.